एकशे अडतीसचे तीस दिवस

नरडाण्याच्या परिसरात कापसाचा पैसा रोख, आरटीजीएस आणि चेक अशा तिन्ही वाटांनी येतो, आणि भांडणे होतात ती बहुतेक तिसऱ्या वाटेवर. शिंदखेडा तालुक्यातले हे गाव धुळे आणि शिरपूर यांच्या दरम्यान मुंबई–आग्रा महामार्गावर वसलेले आहे. सुरत–भुसावळ रेल्वेमार्गाचे स्टेशन आणि एमआयडीसी गावाला आहे. पश्चिमेला गुजरात, उत्तरेला सेंधव्याच्या बाजूने मध्य प्रदेश, त्यामुळे माल घेणारा व्यापारी कधी ओळखीचा असतो, तर कधी ओळखीच्याच्या ओळखीचा. बाजार समितीच्या आवारात माल विकला तर पैसे लगेच चुकते करण्याचा नियम आहे. खेडा खरेदीत, दारातच वजनकाटा लागला, की सगळे व्यापाऱ्याच्या शब्दावर येते. त्या शब्दाला आधार म्हणून चेक फाडला जातो आणि त्यावर बऱ्याचदा पुढची तारीख असते.

चेक वटला नाही, की चहाच्या टपरीवरही एकच सल्ला मिळतो : एकशे अडतीस कर. कायद्याचे नाव कोणाला ठाऊक नसेल, कलमाचा आकडा मात्र सगळ्यांना पाठ असतो. दोन वर्षांपर्यंत कैद आणि चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, हेही ऐकलेले असते. ठाऊक नसते ते एवढेच, की या कलमाचा दरवाजा तीस दिवसांत बंद होतो आणि एकदा बंद झाला की कोणत्याही न्यायाधीशाला तो उघडता येत नाही.

बँकेतून हातात पडतो तो अर्ध्या पानाचा मेमो. चेकचा क्रमांक, रक्कम, तारीख, कारण क्रमांक ०१ आणि त्यापुढे इंग्रजीत दोन शब्द, म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत. खाली शिक्का. हा कागद मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवून पैसे मागायचे असतात, हे त्या मेमोवर कुठेही लिहिलेले नसते. काउंटरवरचा माणूसही सांगत नाही, ते त्याचे कामच नव्हे. मेमो खिशात घालून शेतकरी व्यापाऱ्याला फोन लावतो. पलीकडून उत्तर येते, ‘देसू ना भाऊ, पुढला आठवड्याले देसू.’ असे चार आठवडे निघून जातात. पाचव्या आठवड्यात तो शिंदखेड्याला वकिलाकडे जातो, तेव्हा वकील आधी मेमोवरची तारीख पाहतो आणि मग त्याच्या तोंडाकडे.

हे कलम ज्यात आहे तो चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा १८८१ चा, पण चेक न वटणे हा गुन्हा झाला तो १ एप्रिल १९८९ पासून. तेव्हा नोटिशीसाठी फक्त पंधरा दिवस होते. २००२ च्या दुरुस्तीने, म्हणजे ६ फेब्रुवारी २००३ पासून, त्याचे तीस झाले आणि कैदेची कमाल मुदत एका वर्षावरून दोन वर्षांवर गेली. साखळी आज अशी आहे : चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकायचा (२०१२ पूर्वी सहा महिने होते), परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून पैसे देण्यासाठी समोरच्याला पंधरा दिवस, आणि ते सरले की एका महिन्यात कोर्टात फिर्याद.

याच २००२ च्या दुरुस्तीत संसदेने एक दयेची जागा ठेवली. फिर्यादीला उशीर झाला आणि त्याला पुरेसे कारण असले, तर कोर्ट तो माफ करू शकते. कलम १४२ मध्ये तसे परंतुक आहे. नोटिशीच्या तीस दिवसांना मात्र अशी सवलत दिलेली नाही. एकतिसाव्या दिवशी नोटीस पोस्टात पडली, तर कारण आजारपण असो, अतिवृष्टी असो की घरातले मरण, गुन्हाच घडलेला नाही असे कायदा धरतो.

ही रचना उलटी आहे. फिर्याद दाखल करण्याच्या टप्प्यावर माणसाच्या हाताशी वकील असतो, फाइल असते, तारखांचा हिशेब ठेवणारा कारकून असतो. तिथे चूक झाली तर ती माफ होऊ शकते. नोटिशीच्या टप्प्यावर तो एकटा असतो, बहुतेकदा व्यापाऱ्याच्या गोडीगुलाबीवर विसंबलेला असतो, आणि तिथे चुकीला क्षमा नाही. ज्याला मदतीची गरज कमी, त्याला सवलत मिळते आणि ज्याला जास्त, त्याच्या वाट्याला कडक शिस्त येते.

बाजारात पैशाच्या मागणीची रीत कायद्याच्या घड्याळावर चालत नाही, हीदेखील यातली मोठी अडचण. नोटीस पाठवणे म्हणजे संबंध तोडणे, अशी खानदेशातच काय, सगळीकडेच समजूत आहे. पुढच्या हंगामात त्याच माणसाला माल द्यायचा असतो, त्याचा भाऊ आपल्या सोयऱ्यांत असतो. म्हणून आधी मध्यस्थ धाडायचा, मग सरपंचाला सांगायचे, मग कागद. तोंडी बोलणे, बैठक, मुदतवाढ हा समजूतदारपणा आहे आणि कोर्टाबाहेर वाद मिटावेत म्हणून सरकारही एरवी त्याचाच प्रचार करते. या कलमाखाली मात्र तो समजूतदारपणाच अंगाशी येतो.

तारखांचा हिशेब एकदा मांडूनच पाहावा. समजा, चेकवर ५ डिसेंबर २०२५ ही तारीख आहे. ‘थांबा, थांबा’ करत तो मार्चच्या पहिल्या आठवड्यात बँकेत पडला आणि ४ मार्च २०२६ ला मेमो हातात आला. तोवर चेकचे आयुष्यही संपत आले, म्हणजे पुन्हा टाकण्याची सोय जवळजवळ उरली नाही. मेमो मिळाल्याचा दिवस सोडून तीस दिवस मोजले, तर नोटीस पाठवण्याचा शेवटचा दिवस ३ एप्रिल. त्या दिवशी गुड फ्रायडे आहे, पोस्ट बंद. शहाण्याने १ तारखेलाच पाठवावी. ती ६ एप्रिलला पोचली, तर समोरच्याचे पंधरा दिवस २१ ला संपतात, फिर्यादीचे कारण २२ ला घडते आणि फिर्याद २२ मेपर्यंत चालते. पहिल्या मुदतीत दिवस मोजायचे आणि शेवटच्या मुदतीत इंग्रजी कॅलेंडरचा महिना. एकाच साखळीत दोन मापे!

पहिला दिवस धरायचा की सोडायचा, एवढ्यावर सुप्रीम कोर्टाला दोनदा निकाल द्यावा लागला. साकेत इंडियाच्या प्रकरणात नोटीस २९ सप्टेंबर १९९५ ला मिळाली आणि फिर्याद १५ नोव्हेंबरला झाली. एक दिवस उशीर, असा आरोपीचा दावा. १९९९ मध्ये कोर्टाने पहिला दिवस वगळायचा असे सांगून फिर्याद मुदतीत धरली. पुढे त्या निकालाबद्दलच शंका निघाली आणि २०१३ मध्ये इकॉन अंत्री प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तेच उत्तर पुन्हा दिले. एका दिवसाचा हिशेब पक्का व्हायला इतकी वर्षे गेली. ज्याला तो हिशेब स्वतःच्या बोटांवर करायचा आहे, त्याच्याकडून काटेकोरपणाची अपेक्षा धरताना हे लक्षात ठेवलेले बरे.

घाई केली तरी सुटका नाही. पंधरा दिवस पुरे होण्याआधीच फिर्याद ठोकली, तर ती फिर्यादच नव्हे, असे २०१४ च्या योगेंद्र प्रताप सिंग निकालात ठरले. कोर्टाने नव्याने फिर्याद करण्याची मुभा ठेवली, कारण तिथे उशीर माफ करण्याची तरतूद होती.

आता पोस्टाचा भाग. कायद्यात नोटीस लेखी हवी एवढेच आहे. ती वकिलानेच द्यावी असे नाही, स्टँपपेपर लागत नाही, मराठीत लिहिली तरी चालते. पण ती पोचली हे दाखवावे लागते आणि खरा खेळ तिथेच रंगतो. पाकिटावर पोस्टमनचा शेरा ‘घर बंद’, ‘मागणी केली नाही’, ‘घेण्यास नकार’. पत्ता बरोबर असेल, तर अशी परत आलेली नोटीस पोचल्यासारखीच धरायची, हे कोर्टांनी के. भास्करन (१९९९) आणि सी. सी. अलवी हाजी (२००७) या निकालांतून पक्के केले. नोटीस मिळालीच नाही म्हणणाऱ्याने समन्स मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे भरून मोकळे व्हावे, ही अलवी हाजीमधली सूचना तर अगदी व्यवहारी आहे. दालमिया सिमेंटच्या प्रकरणात समोरच्याने कळवले होते, की पाकीट मिळाले पण आत काही नव्हते! कंपनीने मुकाट्याने चेक पुन्हा बँकेत टाकला, पुन्हा परत आणवला आणि पुन्हा नोटीस पाठवली.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मुंबईचे आहे. १७ जानेवारी २००१ ला स्पीड पोस्टाने नोटीस निघाली आणि फिर्याद झाली २० एप्रिलला. मुंबईतल्या मुंबईत स्पीड पोस्ट पोचायला इतके दिवस लागत नाहीत, म्हणून फिर्याद मुदतीबाहेर, असा निर्णय सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये सुबोध साळसकर प्रकरणात दिला. उशीर माफ करण्याची २००३ ची सवलत मागच्या फिर्यादींना लावता येत नाही, हेही त्याच निकालातले.

१ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टात विलीन केली. पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या फायलींना टाचलेला ‘रजिस्टर एडी’ हा शब्द आता जुन्या निकालांतच वाचायला मिळेल. मोबाइलवरून नोटीस पाठवणे वाढले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दुसऱ्या प्रकारच्या एका वसुलीच्या कामात व्हॉट्सअॅपवरच्या निळ्या खुणा नोटीस पोचल्याचा पुरावा म्हणून मानल्या होत्या. पण इथे एक जुना खड्डा आहे. १९९९ च्या एसआयएल इम्पोर्ट प्रकरणात बंगळूरच्या रेशीम निर्यातदाराने नोटीस आधी फॅक्सने पाठवली आणि मग रजिस्टरने. कोर्टाने मुदत फॅक्सपासून मोजली आणि फिर्याद बाद झाली. आज जो सोय म्हणून व्हॉट्सअॅप आणि स्पीड पोस्ट अशा दोन्ही मार्गांनी नोटीस धाडतो, त्याने पुढचे दिवस पहिल्या निळ्या खुणेपासून मोजलेले बरे.

मुदत पाळली आणि मजकुरात घसरले, तरी तेच. राहुल बिल्डर्सच्या प्रकरणात (२००७) चेक १ लाखाचा होता आणि मागणी ८ लाखांहून जास्त थकबाकीची केली होती, नोटीस बाद. सप्टेंबर २०२५ मधल्या कावेरी प्लास्टिक्स निकालात चेक १ कोटीचा आणि नोटिशीत २ कोटी. टायपिंगची चूक होती हा खुलासा सुप्रीम कोर्टाने मानला नाही. चेकच्या रकमेची मागणी स्पष्ट हवी, वर व्याज किंवा खर्च मागायचा तर वेगळा लिहावा. स्वतःच्या हाताने नोटीस लिहिणाऱ्याला ‘हिशेबाने निघणारे सगळे पैसे द्या’ असे लिहिणे सर्वांत सोपे वाटते आणि तेच सर्वांत धोक्याचे.

खानदेशासारख्या सीमेवरच्या मुलखाला कायद्याने एका बाबतीत दिलासा दिला, तोही वळसा घालून. १ ऑगस्ट २०१४ च्या दशरथ रूपसिंग राठोड वि. महाराष्ट्र राज्य या निकालाने फिर्याद चेक देणाऱ्याच्या बँकेच्या गावी करायची असे ठरले. म्हणजे सुरतेच्या शाखेचा चेक असेल, तर नरडाण्याच्या माणसाने सुरतेच्या तारखा कराव्यात. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा बदलला आणि १५ जून २०१५ पासून, चेक ज्याच्या खात्यात भरला त्याच्या शाखेच्या हद्दीतले कोर्ट चालू लागले. बेअरर चेक खात्यात न भरता थेट देणाऱ्याच्या बँकेत वटवायला नेला, तर मात्र हा फायदा जातो. राठोड निकालाने झालेली अडचण वर्षभरात दूर झाली. तीस दिवसांची अडचण ज्यांची, त्यांची कुठली संघटना नाही.

आता दुसरी बाजू, जी वजनदार आहे. या कलमाने देणेघेण्याच्या वादाला तुरुंगाची जोड दिली. ज्या तरतुदीने माणूस गुन्हेगार ठरतो, तिच्या अटी काटेकोरच पाळल्या पाहिजेत, हा फौजदारी कायद्याचा जुना आणि योग्य दंडक आहे. शिवाय प्रत्येक फिर्यादी हा नाडलेला शेतकरी नसतो. सावकाराच्या कपाटात, फायनान्सवाल्याच्या फायलीत, पतसंस्थेच्या कर्जप्रकरणात सही केलेले कोरे चेक पडलेले असतात. बीर सिंग निकालानुसार (२०१९) कोऱ्या चेकवर रक्कम दुसऱ्याने भरली, तरी देणे असल्याचे गृहीतक कायम राहते. अशा कर्जदाराला नोटीस हीच पहिली खबर असते, की आपल्या चेकवर किती आकडा चढला. त्याचे काही बोलायचे राहून गेले, तर तेही महागात पडते. सप्टेंबर २०२५ मध्ये गोव्यातल्या ६ लाखांच्या एका चेकच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने उच्च न्यायालयाने दिलेली निर्दोष मुक्तता रद्द केली, तेव्हा आरोपीने नोटिशीला उत्तर दिले नव्हते याचीही नोंद घेतली. उलट मार्च २०२५ मध्ये सप्तशृंगी महिला नागरी सहकारी पतसंस्थेने केलेली फिर्याद त्याच कोर्टाने रद्द केली, कारण कर्जदार महिलेने कागदपत्रे मागणारी उत्तरे दिली होती आणि पतसंस्थेने फिर्यादीत ती दडवली होती. म्हणजे नोटीस हे दोघांमधले शेवटचे बोलणे आहे. त्यातले पंधरा दिवस कोणी कमी करू नयेत.

पण हे सारे युक्तिवाद पंधरा दिवसांचे समर्थन करतात, तीस दिवसांचे नाही. नोटीस पस्तिसाव्या दिवशी मिळाली, म्हणून चेक देणाऱ्याचे कोणते हित बुडाले? पैसे भरून मोकळे होण्याची संधी त्याला तेवढीच मिळते. उलट पाच दिवस जास्तच मिळाले. चेकची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा टाकून नवी तीस दिवसांची सुरुवात करता येते, हे २०१२ च्या एमएसआर लेदर्स निकालाने स्वतःच मान्य केले आहे. म्हणजे जाणत्याला दुसरी संधी आहेच. तारखांचे हे गणित माहीत असलेला कंपनीचा वसुली विभाग तिचा फायदा उठवतो. चेक तीन महिने खिशात घेऊन फिरलेला माणूस उठवू शकत नाही. त्याला उरतो दिवाणी दावा, कोर्ट फीसकट.

तीस दिवस थांबवले तर आभाळ कोसळत नाही, याचा अनुभवही देशाने घेतलेला आहे. करोनाकाळात सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतींच्या हिशेबातून वगळला आणि त्यात कलम १३८ च्या नोटिशीच्या मुदतींचा नाव घेऊन समावेश केला. जवळपास दोन वर्षे हे घड्याळ बंद होते. आरोपींच्या हक्कांचे त्याने काही बिघडले, अशी ओरड झाली नाही.

आणि या काटेकोरपणातून वेग तरी मिळतो का? खटला सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करावा असे कलम १४३ म्हणते. ३१ डिसेंबर २०१९ रोजी देशातल्या २.३१ कोटी प्रलंबित फौजदारी खटल्यांपैकी ३५.१६ लाख या एकाच कलमाचे होते, असा आकडा सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या घटनापीठापुढे होता. ते काम सुरू झाले ते गुजरातमधल्या २००५ सालच्या एका प्रकरणावरून. रक्कम १ लाख ७० हजारांची, आणि पंधरा वर्षे झाली तरी वाद संपलेला नव्हता. फिर्यादीने एक दिवस चुकवायचा नाही आणि व्यवस्थेने एक तप चुकवले तरी चालते, ही तफावत कोणत्याही तत्त्वाने पटवून देता येत नाही.

करायचे काय, तर फार मोठे काही नाही. कलम १४२ मध्ये फिर्यादीसाठी जे परंतुक आहे, तसेच नोटिशीसाठी कलम १३८ मध्ये घालावे : पुरेसे कारण दाखवले तर उशीर माफ, आरोपीचे म्हणणे ऐकून, आणि त्याला मेमोपासून नव्वद दिवसांची कमाल मर्यादा. जुने चेक उकरून काढणाऱ्यांना त्याने वाव मिळणार नाही. हे संसदेचे काम आहे, वेळ लागेल.

दुसरे काम त्याआधी होऊ शकते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभरात सतत वटवले जातात, परत आल्याची खबर कधीकधी त्याच संध्याकाळी मोबाइलवर येते आणि मेमो मात्र शाखेत पडून राहतो. कायदा म्हणतो, ‘बँकेकडून माहिती मिळाल्यापासून’. ती माहिती एसएमएसची धरायची की मेमोची, यावर उद्या उलटतपासणी रंगणार हे उघड आहे. रिझर्व्ह बँकेने एका परिपत्रकाने मेमोवर आणि एसएमएसमध्ये, खातेदाराच्या भाषेत, नोटिशीची शेवटची तारीख छापायला सांगावी. ती तारीख संगणकाला सहज काढता येते. गोव्याच्या त्याच निकालात समन्सबरोबर क्यूआर किंवा यूपीआयने पैसे भरण्याची सोय द्या, असे निर्देश कोर्टाने दिले आहेत. म्हणजे आरोपीच्या हातात पडणाऱ्या कागदावर काय असावे याचा विचार झाला आहे. फिर्यादीच्या हातातल्या मेमोचा अजून व्हायचा आहे. शाखेने मेमो देताना खातेदाराची तारखेसह सही एका रजिस्टरवर घेतली, तरी शिंदखेड्याच्या कोर्टात ‘मेमो तुम्हाला नक्की कोणत्या दिवशी मिळाला?’ या प्रश्नावर जाणारा अर्धा दिवस वाचेल.